भाग सातमधलं सहावं पोर

पोरं पाचच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी माझ्यावर काही ढकलायला नको. तीन मुलगे आणि दोन मुली. त्यातल्या धाकटीच्या वेणीला लाल रिबन. तेरा भागांचं ते कार्टून होतं, 'काळ्या डोंगराचं पाणी' नावाचं. गावचा झरा आटतो आणि ही पाच पोरं पाण्याचं मूळ शोधायला डोंगरात जातात, अशी गोष्ट. मी तिच्यातली प्रत्येक चौकट बघितलेली आहे. अशी बाई उभ्या चंद्रपूर-गडचिरोलीत मी एकटीच, हे म्हणायला मला लाज वाटत नाही.

संपादकांनी नोकरीतल्या गमती लिहा म्हणून सांगितलं. गमती पुष्कळ आहेत, पण लिहायला बसले की हीच गोष्ट आधी येते.

चंद्रपूरच्या एका सरकारी कचेरीत मी फिल्म तपासनीस होते. काळ ऐंशीच्या दशकातला. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण फिल्मचं कपाट दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच होतं आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला. शाळांतून, गावांतून दाखवायच्या फिल्म पत्र्याच्या गोल डब्यांतून जायच्या आणि परत आल्या की माझ्या टेबलावर यायच्या. टेबलावर दोन चक्र्या, एकीला फिरवायचा दांडा, मध्ये दुधी काच, काचेखाली बल्ब. डाव्या हातात पांढरा सुती मोजा घालायचा आणि फिल्मची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून सरकवायची. कुठे कडेचं छिद्र फाटलं असेल तर बोटाला बरोबर कळतं. तिथे थांबायचं, फाटका तुकडा कापायचा, टोकं खरवडायची, सिमेंट म्हणतात तो चिकट द्रव लावून जोडायची, दाबून धरायची. मग तक्ता भरायचा: जोड किती, ओरखडे किती, आणि शेवटी त्रुटींचा रकाना. माझ्या आधीच्या तपासनीसांनी त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द लिहिला होता, निरंक. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही.

मला ते जमेना. माझी नजर चित्रावर जायची. कार्टून कसं करतात हे ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. डोंगर, झाडं कागदावर रंगवून खाली ठेवतात. माणसं पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर काढतात आणि एकेक ताव वर ठेवून एकेक फोटो घेतात. सेकंदाला चोवीस फोटो, म्हणजे चोवीस चौकटी. एखादा ताव ठेवायला विसरले की माणूस क्षणभर नाहीसा होतो. बघणाऱ्याच्या डोळ्याला कळत नाही, माझ्या काचेवर कळतं. भाग दोनमध्ये एका पोराच्या हाताला सहा बोटं होती. भाग पाचमध्ये लाल रिबन डाव्या वेणीवरून उजव्या वेणीवर गेली आणि परत आली. आणि सगळ्यात सोपी चूक, जी नवशिक्यालाही सापडते, ती दिशेची. पडद्यावर माणूस डावीकडून उजवीकडे गेला, तर परत येताना तो उजवीकडून डावीकडे आला पाहिजे. भाग तीनमध्ये एक बैलगाडी बाजाराला जाते आणि घरी परततानाही त्याच अंगाला चालते. म्हणजे ती घरी पोचलीच नाही. माझ्या चुकांच्या वहीत तिच्यासमोर मी लिहिलं होतं, 'गाडी अजून चालते आहे.'

या चुका मी मुंबईला, ज्यांनी कार्टून केलं त्यांना कळवत असे. 'आपल्या पत्राची नोंद घेतली' असं एक कार्ड आलं. साहेबांनी बोलावून विचारलं, 'बाई, तुम्हाला काम कमी पडतं का?'

पण माझ्याहून तयार लोक गावात होते. वडसा, ब्रह्मपुरीकडची माणसं थंडीत रात्र-रात्र नाटकं बघणारी. कोण कुठल्या अंगाने आत गेला, बाहेर येताना त्याच्या हातात काय होतं, हे त्यांच्या लक्षात पक्कं राहतं. फिल्मसोबत आम्ही अभिप्रायाचा कागद पाठवायचो. त्यावर बहुतेक गुरुजी 'मुलांना आवडले' एवढं लिहून मोकळे व्हायचे. एका गावानं मात्र विचारलं होतं की पोरांनी पाच भाकरी खाल्ल्या, तरी दुसऱ्या दिवशी गाठोड्यात पाच कशा? मी धावत जाऊन भाग चार काढला. खरंच पाच होत्या. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

त्याच गावचा दुसरा कागद आला तो भाग सातबद्दल. गाव ब्रह्मपुरीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, मोठ्या तळ्याकाठी. नाव लिहीत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. तिथल्या नागापुरे गुरुजींच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'भाग सातमध्ये पोरे ओढा ओलांडतात तेव्हा पाण्यात सहा डोकी दिसतात. सहावे पोर कोणाचे? पुढे ते सापडते काय? गावास कळवावे.'

मला हसू आलं. तो ओढा मला तोंडपाठ होता. आधी पोरं काठावर येतात, मग पडदाभर फक्त पाणी, त्यात उलटी डोकी डावीकडून उजवीकडे सरकत जातात. एक वाळकं पान वाहत येतं. चार सेकंद. पाच पोरं, पाच डोकी. तरी खात्री म्हणून भाग सात चक्रीवर चढवला.

सहा होती.

शेवटचं डोकं जरा मागे, जरा लहान. नाक-डोळे नाहीत, नुसती गडद आकृती आणि केसांचा उडालेला काठ. मी एकेक चौकट मोजली. पंचाण्णव चौकटी आणि प्रत्येक चौकटीत सहा.

एखादा ताव चुकून जास्तीचा राहिला असेल, हे मला लगेच सुचलं. गोष्टीत आधी सहा पोरं असतील, नंतर एक काढून टाकलं असेल आणि पाण्यातलं विसरलं असेल. एवढ्यावर मी निर्धास्त झाले असते. पण नोंद करायला वही उघडली तर भाग सातची नोंद तिथे होतीच. वर्षभरापूर्वीची, माझ्या अक्षरात: 'ओढा. पाण्यातील प्रतिबिंबे पाच. बरोबर.'

आमच्याकडे भाग सातची प्रत एकच होती.

बौद्ध धर्मांतरानंतर जन्मलेल्या पिढीतली मी. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, उतारा या सगळ्याला वडिलांनी दार बंद केलेलं. दिसतं ते तपासा, असं ते म्हणायचे. म्हणून मी तपासलं. डब्याचा क्रमांक, फिल्मच्या कडेवरचा क्रमांक, माझेच जुने जोड. सगळं तेच. मग मुंबईला पत्र टाकलं. या वेळी महिन्याभरात नीट उत्तर आलं: गोष्टीत सहावे पोर कधीही नव्हते. मूळ चित्रे काढून पाहिली, पाण्यात पाच प्रतिबिंबे आहेत. आपल्या प्रतीत दोष असावा.

प्रतीतून चित्र पुसट होऊ शकतं, तुटू शकतं, जळू शकतं. वाढत नाही. पण हे साहेबांना सांगून काय उपयोग? त्यांनी पत्रावर शेरा मारला, 'सदोष तुकडा काढून टाकावा.' तो कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या दिवसापासून टेबलापाशी एकटी असले की मी बल्ब विझवताना काचेकडे बघत नसे. वडील असते तर रागावले असते.

मग एकदा नागापुरे गुरुजी कसल्याशा कामाला चंद्रपूरला आले आणि कचेरीत डोकावले. उंच, वाकलेले, हातात छत्री. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, सहावं डोकं आधी कुणाला दिसलं?

'गिरजाबाईले,' ते म्हणाले. 'आमच्या गावची ढिवरीन हाये. तळ्यात मासोळ्या धरते. तुमाले सांगतो बाई, तिची पोरगी गेल्या मे महिन्यात तेंदूपत्ता तोडाले जंगलात गेली, ते आलीच नाई. अकरा वर्साची. सुमन नाव. माह्याच शाळेत होती.'

'एकटी गेली होती?'

'सहा जणी गेल्या होत्या. पाच आल्या.'

मी कपबशी खाली ठेवली. गुरुजींनी सगळं सांगितलं. जंगल चार दिवस पालथं घातलं, वनखात्याची माणसं आली, ओढणीची चिंधीसुद्धा सापडली नाही. त्यांच्या गावात जंगलात माणसं मोठ्यानं मोजत नाहीत. गावच्या शिवेवर मोहाचं झाड आहे. जंगलात जाणारा प्रत्येक जण त्याच्या बुडाशी एकेक गोटा ठेवून जातो आणि परतताना आपापला उचलतो. त्या दिवशी पाच गोटे उचलले गेले, एक राहिला. वर्षभर माणूस आलं नाही तर घरच्यांनी तो गोटा तळ्यात सोडायचा आणि मग दिवस करायचे, अशी तिथली रीत.

'देवाजी म्हंते, वर्स झालं का सोडू,' गुरुजी म्हणाले. देवाजी म्हणजे गिरजाबाईचा नवरा. 'पन हे बाई कोनाले हात लावू देत नाई. भाग सात पाहल्यापासून म्हंते, माही पोरगी त्याइच्या संग हाये. सिनेमा सरंल तवा येईल. रोज तिच्या वाट्याची मासोळी काढून ठेवते.'

'गुरुजी, पुढच्या सगळ्या भागांत पोरं पाचच आहेत.'

'ते मले मालूम हाये जी. पन सांगाव कोनं?'

आमची गाडी त्या गावात महिन्या-दीड महिन्यानं जायची आणि एका वेळी एखाद-दोन भाग दाखवायची. गाडी चालवणं आणि मशीन चालवणं दोन्ही रामटेके भाऊंकडे. प्रत्येक फेरीनंतर मी त्यांना विचारायचे आणि ते एकच सांगायचे. बाई सगळ्यात पुढे बसते, डोळ्याची पापणी हलवत नाही, संपलं की विचारते, अजून किती राह्यले? आठ, नऊ झाले. दहा, अकरा, बारा झाले. मे आला. उरला भाग तेरा.

भाग तेरामध्ये पोरं पाणी घेऊन घरी परततात. वाटेत तोच ओढा लागतो. पोरं काठाशी येतात, उतरतात, पलीकडे निघतात. पाण्याचं दृश्य तिथे नाही.

मी ड्रॉवरमधला साहेबांचा शेरा काढला. सदोष तुकडा काढून टाकावा. आदेश होताच. भाग सातमधून मी त्या पंचाण्णव चौकटी कापल्या. त्या टाकल्या मात्र नाहीत. भाग तेरामध्ये, पोरं ओढ्यात पाय ठेवतात तिथे, त्या जोडल्या. सहा गेली होती, सहा परत येतील. चार सेकंदांचं तर काम. जोड इतका स्वच्छ बसला की बोटाला कळेना. आयुष्यभर चुका काढल्या, पहिल्यांदाच एक घातली होती आणि स्वतःवर खूश होते.

तो भाग घेऊन मी स्वतः गाडीत बसले. ब्रह्मपुरी सोडल्यावर रामटेके भाऊंना सांगितलं.

'बाई, हे बरं नाई केलं तुमी,' ते म्हणाले. 'आता ते बाई जलमभर वाट पाहत बसंल. देवाजीले गोटा सोडू देनार नाई. घर तसंच अडकून राहीन.'

'तिला बरं वाटेल, भाऊ.'

'बरं वाटंल. तेच तं सांगून राह्यलो.'

त्यांचं बरोबर होतं आणि ते मला तिथेच कळलं. पण फिल्म तोडायला लागणारं सामान टेबलावर चंद्रपूरला होतं आणि गाव समोर दिसत होतं.

शिवेवर गाडी हळू झाली. मोहाच्या बुडाशी तो गोटा होता. लिंबाएवढा, करडा. त्याच्या भोवती कुणीतरी झाडून काढलेलं दिसत होतं.

जंगलाच्या कडेच्या गावांत अंधार पडल्यावर कुणी बाहेर थांबत नसे, म्हणून आमचे खेळ भर दुपारी व्हायचे. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या ठोकायच्या, दाराला ताडपत्री, बाहेर जनरेटर. मे महिन्याच्या उन्हातून आत गेलं की डोळ्यांना काही दिसत नाही, फक्त माणसांचे श्वास ऐकू येतात. मी मशीनजवळ उभी राहिले. गिरजाबाई अगदी पुढे, पडद्यापासून हातभर. बारीक, काळी, ताठ पाठीची. शेजारी देवाजी मान खाली घालून.

भाग सुरू झाला. पोरं डोंगर उतरली. ओढा आला. पोरांनी पाय टाकला आणि पडदाभर पाणी पसरलं. आवाजात बारीक टक् झालं, जोडाचं. सहा डोकी पाण्यातून सरकत गेली. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास ओढला. मी स्वतः तो तुकडा तिथे चिकटवलेला असून, मीही डोकी पुन्हा मोजली.

'थांबवा,' गिरजाबाई म्हणाली.

'थांबवता येत नाई बाई,' रामटेके भाऊ म्हणाले, 'दिव्यानं जळते.'

'मंग एकडाव अजून दाखवा.'

त्यांनी दिवा घालवला, हातानं फिल्म मागे घेतली. काळोखात चक्रीचा आवाज तेवढा. दिवा पुन्हा लागला. पाणी, पान, सहा डोकी. कुणीतरी लहान पोर 'आली, आली' म्हणायला लागलं, त्याला आईनं गप्प केलं.

गिरजाबाई उठली आणि आमच्याकडे वळली. मशीनचा उजेड तिच्या तोंडावर होता आणि पोरं तिच्या लुगड्यावरून घरी चालली होती.

'पानी पाहा न,' ती म्हणाली. 'ते पान पाहा. जातानी ज्या अंगानं आलं, त्याच अंगानं येऊन राह्यलं. डोसके बी तिकडंच चालले. बाकीचे इकडून तिकडे येऊन राह्यले, आन् पान्यातले उलटे. हे येऊन नाई राह्यले, बाई. हे जाऊन राह्यले.'

बैलगाडीवर टिंगल करणारी मी, डोकी मोजण्याच्या नादात दिशाच बघितली नव्हती. बघितली असती तरी उपाय नव्हता. आवाजाच्या फिल्मला एकाच कडेला छिद्रं असतात, ती उलटी करून लावता येत नाही. जाणाऱ्यांना परत आणायची सोयच नाही तिच्यात.

रामटेके भाऊंनी मशीन बंद केलं. बाहेर जनरेटर घरघरत राहिला.

'तुमी जोडलं का जी ते?' तिनं विचारलं.

'हो.'

'काऊन?'

'तुम्हाला बरं वाटावं म्हणून.'

मला वाटलं आता ही रडेल किंवा मला शिव्या देईल, आणि दोन्ही मला हवं होतं. ती माझ्याजवळ आली. तिच्या अंगाला तळ्याच्या पाण्याचा वास होता.

'तुमी हातात धरून पाह्यलं न सारं? एकेक फोटो?'

'हो. पंचाण्णव आहेत.'

'ते मांगचं पोर मांगं वळून पाह्यते का कुठी?'

मी मनातल्या मनात सगळ्या चौकटी पुन्हा काचेवरून सरकवल्या. खोटं बोलायची गरज नव्हती.

'नाही,' मी म्हटलं. 'एकाही चौकटीत नाही.'

'म्हंजे भेली नाई ते,' गिरजाबाई म्हणाली.

तिनं पदर खोचला, दाराची ताडपत्री बाजूला केली आणि उन्हात निघाली. देवाजी धडपडत उठून मागे गेला. आम्ही सगळे दारात आलो. ती शिवेपर्यंत चालत गेली, मोहाखाली वाकली, गोटा उचलला, कमरेच्या ओच्यात घातला आणि तळ्याकडे वळली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली तेवढं मी पाहिलं. पुढचं पाहिलं नाही, गुरुजींनी मला आत नेलं.

निघताना ती गाडीजवळ आली, लुगडं ओलं होतं. खिडकीवर हात ठेवून म्हणाली, 'ते तुकडा फेकू नोका. जिथचा हाये तिथीच लावून देजा. तिच्या जागेवर.'

चंद्रपूरला परतल्यावर पहिलं काम तेच केलं. भाग तेरामधून त्या चौकटी काढल्या, आणि साहेबांच्या शेऱ्याला न जुमानता भाग सातमध्ये, पोरं जायला निघतात तिथे, होत्या तशा जोडल्या. तोडजोडीत दोन चौकटी गेल्या, त्र्याण्णव उरल्या. त्या पुन्हा मोजल्या नाहीत, डोकीही मोजली नाहीत. जुनी नोंद खोडली नाही, नवी केली नाही. मग भाग सातचा तक्ता पुढे ओढला. नवे जोड दोन, ओरखडे किरकोळ. त्रुटींच्या रकान्यापाशी पेन थांबलं. नोकरीत एवढी वर्षं जो शब्द लिहायचा नाही म्हणून हट्ट धरला होता, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिला. निरंक.